शोध शून्य, प्रबंध कपाटात

सिनॉप्सिसच्या, म्हणजे प्रबंधाआधी मंजुरीला द्यायच्या आराखड्याच्या, तिसऱ्या पानावर एका वाक्याखाली लाल शाईची रेघ होती आणि समासात दोनच शब्द होते : "खात्री केली?" वाक्य असं होतं : "प्रस्तुत विषयावर यापूर्वी कार्य झाल्याचे आढळत नाही." हे वाक्य मी सिनॉप्सिसच्या मोसमात इतक्यांदा वाचते, की त्याचा रबरी शिक्का करून काउंटरवर ठेवावा असं कधी कधी वाटतं.

मी नाशिकमधल्या एका विद्यापीठीय ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात काम करते. गेल्या पावसाळ्यात घडलेलं हे प्रकरण आहे. ते लिहून ठेवायचं कारण एवढंच, की यात विद्यार्थिनीची जी चूक निघाली तीच पुढे आमच्याही घरात निघाली.

विद्यार्थिनी आयुर्वेदाची, कायचिकित्सा (औषधोपचार) विषयात पीजीच्या पहिल्या वर्षाला. कॉलेज खासगी आणि दुसरीकडचं. आमच्याकडे ती बाहेरची वाचक म्हणून आली. निमाणी स्थानकावरून सिटीलिंकची बस पकडून, अर्धी भिजलेली, सिनॉप्सिस प्लॅस्टिकच्या पिशवीत. विषय : आमवातामध्ये रास्नासप्तक क्वाथाचा अभ्यास. आमवात म्हणजे सांधे सुजून दुखण्याचा विकार, आणि हा क्वाथ म्हणजे रास्ना व इतर सहा वनस्पतींचा काढा. तिने पहिलं वाक्य म्हटलं ते हे : "मॅडम, माझ्या विषयावर काहीच मटेरियल नाही असं सर्टिफिकेट तुमच्याकडून मिळतं का?"

असं सर्टिफिकेट कोणतंही ग्रंथालय देत नाही. "काहीच नाही" हे सिद्ध करणं आमच्या हातातलं काम नाही. कुठे, कोणत्या तारखेला, कोणत्या शब्दांनी शोधलं आणि काय मिळालं, एवढं आम्ही सांगू शकतो. पण हे काउंटरवर ऐकवलं तर माणूस "बरं" म्हणून निघून जातो आणि परत येत नाही. म्हणून मी तिला बसवलं आणि विचारलं, "तू कुठे शोधलंस, ते मला करून दाखव."

तिने फोन काढला. पबमेड उघडलं. शोधपट्टीत तिच्या सिनॉप्सिसचं शीर्षक टाकलं, आख्खंच्या आख्खं इंग्रजी शीर्षक, सतरा-अठरा शब्दांचं. निकाल शून्य. मग तिने माझ्याकडे असं पाहिलं, की बघा, मी खोटं बोलत नव्हते.

खोटं बोलत नव्हतीच. पबमेड ही अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाची सूची. 1997 पासून सगळ्यांना फुकट खुली आहे आणि तिच्यात आजघडीला साडेतीन कोटींहून जास्त नोंदी आहेत. पण तिला लांबलचक वाक्य दिलं, की प्रत्येक महत्त्वाचा शब्द नोंदीत असलाच पाहिजे असं ती धरून चालते. एक शब्द हुकला की नोंद बाद. गुगल माफ करतं, चुकीचं स्पेलिंग सुधारून देतं, "तुम्हाला हे म्हणायचं होतं का" असं विचारतं. पबमेडकडे तेवढी माया नाही. इथे अनेकांचं उलटं होतं : गुगलवर हजारो निकाल दिसतात म्हणून त्यावर विश्वास बसत नाही आणि पबमेडवर शून्य दिसलं की तो शेवटचा शब्द वाटतो.

मी कागद पुढे सरकवला. "आमवात लिही."

तिने देवनागरीत लिहिलं. आमवात. एकच रूप, वाद नाही.

"आता इंग्रजीत लिही. जितक्या प्रकारे लिहिलेलं पाहिलंयस तितक्या प्रकारे."

सुरुवातीला एक ए की दोन. एमनंतर ए आहे की नाही. मध्ये व्ही की डब्ल्यू. शेवटी ए आहे की टीवरच थांबलं. मधे जागा सोडून दोन शब्द केले की सलग. तिने सात रूपं लिहिली. वाचनकक्षात शेजारी बसलेल्या एका मुलाने, न विचारता, आठवं सांगितलं : टीनंतर एच. दक्षिणेकडचे लेखक 'त' साठी टीएच लिहितात, हे त्याला क्रिकेटपटूंच्या नावांवरून माहीत होतं.

एकेक रूप वेगळं टाकून पाहिलं. एकाला बरेच निकाल, दुसऱ्याला मूठभर, तिसऱ्याला दोन, आणि ते दोन आधीच्या कुठल्याच यादीत नव्हते. तिचा चेहरा या तिसऱ्या वेळी बदलला. मग सगळी रूपं कंसात, मधे 'ऑर' घालून एकत्र केली. ए-एम-ए-व्ही-ए-टी आणि पुढे स्टार दिला, की टीनंतर काहीही आलं तरी चालतं, म्हणजे तीन रूपं एका फटक्यात येतात. दोन एवाली रूपं मात्र वेगळी द्यावी लागतात, कारण स्टार शेवटी काम करतो, सुरुवातीला नाही.

इथवर सोपं होतं. पुढे औषध.

रास्ना

वनस्पतीच्या नावाची अडचण आमवाताच्या बरोबर उलटी आहे. आमवात ही एक गोष्ट आणि तिची स्पेलिंग आठ. रास्ना हा एक शब्द आणि त्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वनस्पती वेगवेगळ्या. उत्तर भारतात रास्ना म्हणजे प्लुचिया लॅन्सिओलाटा. केरळात अल्पिनिया गलंगा, आपण जिला कुलिंजन म्हणतो ती. बंगालकडे वांडा रॉक्सबर्गी, झाडावर वाढणारं ऑर्किड. तिन्ही वेगळ्या कुळांतल्या. म्हणजे 'रास्ना' टाकून जे निबंध मिळतील त्यातला कुठला कशाबद्दल आहे हे आत जाऊन वाचल्याशिवाय कळणार नाही. आणि नुसतं 'प्लुचिया' टाकलं तर रास्नेशी काही देणंघेणं नसलेल्या रसायनशास्त्रज्ञांचे निबंध येतील. त्यातले काही तिच्या उपयोगाचेच निघाले.

जी नावं बदलली त्यांचंही तेच. गुग्गुळाला आज कॉमिफोरा वाइटी म्हणतात. जुन्या निबंधांत कॉमिफोरा मुकुल, त्याहून जुन्यात बाल्सॅमोडेंड्रॉन मुकुल. तिच्या क्वाथात गुग्गुळ नाही, पण आमवातात तो वारंवार येतो, म्हणून तीन नावं मी तिला लिहून दिली.

"तुझ्या सिनॉप्सिसमध्ये रास्ना म्हणजे कोणती?" मी विचारलं.

ती गप्प. मग म्हणाली, "फार्मसीतून जी येईल ती."

मी वैद्य नाही, औषधावर मत देणं माझं काम नाही. पण हा प्रश्न संदर्भाचाच आहे : ज्या गोष्टीचं नावच ठरलेलं नाही तिच्यावर आधी काम झालंय की नाही हे कसं सांगणार? तिने तो प्रश्न वहीत लिहून त्याला चौकोन केला.

याच बैठकीत आणखी एक गोष्ट निघाली, ती पाच मिनिटांत संपली. रुग्णनिवडीचे निकष तिने कुठल्याशा जुन्या प्रबंधातून उतरवले होते : आमवाताशी जुळणाऱ्या रूमॅटॉइड आर्थ्रायटिससाठी अमेरिकन कॉलेज ऑफ रूमॅटॉलॉजीचे 1987 चे, सातपैकी चार निकष जुळले की रुग्ण घ्यायचा. त्यानंतर 2010 मध्ये युरोपीय संघटनेबरोबर नवे निकष आले, त्यात गुण मोजतात आणि दहापैकी सहा लागतात. उतरवलेल्या मजकुराबरोबर त्याचं वयही उतरतं. तिला हे सांगायला ग्रंथपाल लागायला नको होता. पण गाईड सरांना बारा विद्यार्थी आणि ओपीडी.

पैशाचा प्रश्न, जो फारसा नव्हता

तिच्या मनात पक्कं बसलं होतं, की खासगी कॉलेजला महागडी जर्नल परवडत नाहीत म्हणून मटेरियल मिळत नाही. तक्रार अगदीच निराधार नाही. सरकारी वर्गणीतून जर्नल वाचू देणारं 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' 1 जानेवारी 2025 पासून सुरू झालं, तीस प्रकाशकांची जवळपास 13,000 जर्नल, तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये. पण ते केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांसाठी. तिच्या कॉलेजला ते दार बंद. आमच्या वाचनकक्षातल्या मशीनवर जे उघडतं ते तिच्या हॉस्टेलवर उघडत नाही, आणि हे तिला कोणी नीट सांगितलंही नव्हतं.

पण तिच्या यादीतले निबंध एकेक करून उघडले तेव्हा दिसलं, की बहुतेक मोफतच होते. जामनगरहून निघणारं 'आयु', बंगळुरूचं आयुर्वेद आणि इंटिग्रेटिव्ह मेडिसिनचं जर्नल, दोन्ही खुली. आयुष मंत्रालयाचं रिसर्च पोर्टल खुलं. कोइंबतूरची 'धारा' सूची खुली. कुलूप होतं ते शब्दाचं. पैशाच्या कुलपाला दोनदाच किल्ली लागली : एक निबंध आमच्या सदस्यत्वातून उघडला, दुसऱ्यासाठी लेखकालाच मेल टाकला. तिसऱ्या दिवशी पीडीएफ आली, वर "ऑल द बेस्ट" लिहून. हा मार्ग मुलांना भिकेसारखा वाटतो. लेखकांना मात्र आनंद होतो. आपलं कोणीतरी वाचतंय.

क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत, म्हणजे रुग्णांवरच्या चाचण्यांच्या नोंदवहीतही पाहायला लावलं. भारतात 15 जून 2009 पासून चाचणीची नोंद तिथे सक्तीची आहे आणि 1 एप्रिल 2018 पासून पहिला रुग्ण घेण्याआधीच ती करावी लागते. पीजीचे प्रबंधही यात येतात. छापून न आलेलं किंवा आत्ता चालू असलेलं काम दिसण्याची ही जागा, आणि बहुतेकांना ती फक्त एथिक्स कमिटीनंतर भरायचा फॉर्म म्हणून माहीत असते. तिथेही स्पेलिंगचा तोच गोंधळ. आठही रूपं पुन्हा.

राहिले जुने प्रबंध. ही खरी अंधारी खोली. शोधगंगा या भारतीय विद्यापीठांच्या ऑनलाइन प्रबंधसंग्रहात पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत, पण ते मुख्यतः पीएचडीचे. एमडी आयुर्वेदचे शोधनिबंध त्या त्या कॉलेजच्या कपाटात राहतात. परीक्षा झाली की रेक्झिन चढवून ठेवायचे, पुढच्या वर्षीच्या मुलांनी त्यातून प्रस्तावना उतरवायची. ती म्हणाली, "पीजीच्या थिसिसला कोण विचारतं, मॅडम?" मी तिला बनारसची गोष्ट सांगितली. 1966 मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी गुग्गुळावर प्रबंध केला. सुश्रुतातलं मेदोरोगाचं वर्णन वाचून त्यांनी सशांवर गुग्गुळाचा परिणाम तपासला. पुढे गुग्गुळ आणि कोलेस्टेरॉल यांवर जगभर जे काम झालं, बाजूने आणि विरुद्धही, त्याचं मूळ त्या एका प्रबंधात आहे. तोही पीजीचाच.

आता आमच्या घरातलं

हे सगळं ऐकवून मी ऐटीत आमचा कॅटलॉग उघडला. आमच्याकडे आयुर्वेद शिकवला जात नाही, पण पंचवटीतल्या एका वैद्यांचा संग्रह त्यांच्या घरच्यांनी काही वर्षांपूर्वी आम्हाला दिला होता. पोथ्या, ग्रंथ आणि ते परीक्षक असताना त्यांच्याकडे आलेले बरेच प्रबंध. आठही रूपं टाकली. काही ग्रंथ मिळाले. आमवातावरचा प्रबंध एकही नाही.

"म्हणजे इथे नाहीये," ती म्हणाली. मीही मान हलवली. कामाच्या तंद्रीत, तासभर तिला जे करू नको म्हणून सांगितलं तेच मी केलं.

आमचे मामा पुस्तकं लावत होते. मामा म्हणजे ग्रंथालय परिचर, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले. ते तिथूनच म्हणाले, "पंचवटीच्या वैद्यांचं बघताय का? त्यात वाताचा हिरवा बांधा आहे की. वाड्यातून मीच आणलाय. वैद्यांची वही बघा ना."

वही म्हणजे वैद्यांनी स्वतः केलेली संग्रहाची यादी. दोनशे पानी, लाल कापडी पाठीची, दानासोबतच आलेली. आम्ही ती 'संकीर्ण' म्हणून कपाटात ठेवली होती. आतली सूची अकारविल्हे. 'आ' च्या पानावर, शाईच्या पेनाने, टपोऱ्या अक्षरात : आमवात – रास्नासप्तक – प्रबंध – हिरवा – क्र. 212.

प्रबंध मामांनी तीन मिनिटांत काढून आणला. हिरवं रेक्झिन, पाठीवर पांढऱ्या शाईत 615.538, म्हणजे ड्यूई पद्धतीतला आयुर्वेदाचा क्रमांक, खाली आमचा दाखल क्रमांक. कोपऱ्याला कसर लागलेली. आत तारखेची चिठ्ठी चिकटवलेली आणि ती पूर्ण कोरी. आमच्याकडे आल्यापासून तो एकदाही बाहेर गेला नव्हता.

मग कॅटलॉगमध्ये का नव्हता? होता. दाखल क्रमांकाने शोधल्यावर लगेच आला. संग्रहाची संगणकीय नोंद करायचं काम बाहेर दिलेलं होतं, नोंदी फक्त रोमन लिपीत झाल्या, आणि ज्याने ही नोंद केली त्याने आमवात या शब्दातला टी आणि व्ही यांची अदलाबदल केली होती. 'आमतावा' होईल असं काहीतरी. रास्नासप्तकातला पीसुद्धा गळलेला. विषयाच्या रकान्यात 'मेडिसिन' एवढंच. तपासणीवर सही माझी होती. आठ काय, ऐंशी रूपं टाकली असती तरी ते सापडलं नसतं.

देवनागरीत ज्या शब्दाचं एकच रूप आहे, जो वैद्यांच्या वहीत दहा सेकंदांत मिळतो, तो आम्ही रोमनमध्ये नेऊन हरवला होता. आणि हे सॉफ्टवेअरचं पाप नाही. आमचं कोहा देवनागरी व्यवस्थित घेतं. कोहा न्यूझीलंडमध्ये तयार झालं आणि माओरी भाषेत त्या शब्दाचा अर्थ भेट असा आहे. दानात आलेल्या संग्रहाची ही गत त्याच्यावर व्हावी, हे जरा लागलं.

पुढे काय झालं

तिच्या विषयाचा निकाल लागला असं वाटून ती प्रबंध उघडायलाच तयार नव्हती. मी म्हटलं, आधी कार्यपद्धती वाच. ती संध्याकाळी सहापर्यंत वाचत बसली. मग माझ्याकडे आली तेव्हा तिच्या वहीतल्या त्या चौकोनावर बोट ठेवून म्हणाली, "यांनीपण कोणती रास्ना ते लिहिलेलं नाहीये." पूर्ण प्रबंधभर वनस्पतीचं नाव फक्त संस्कृतात होतं. निकष अर्थातच जुने.

म्हणजे "यापूर्वी कार्य झालेले नाही" हे वाक्य खोटं ठरलं आणि त्या जागी तिला लिहायला खरं काहीतरी मिळालं : कार्य झालं आहे, ते अमुक ठिकाणी आहे, त्यात वनस्पतीची ओळख दिलेली नाही, निकष 1987 चे आहेत, प्रस्तुत अभ्यासात वनस्पती निश्चित करून 2010 च्या निकषांनी निवड करणार. चार ओळी. त्यासोबत शोधाची नोंद जोडली : कोणती सूची, कोणत्या तारखेला, नेमकी कोणती शब्दरचना, किती नोंदी, त्यातल्या किती वाचल्या. माधवनिदान या रोगनिदानावरच्या जुन्या ग्रंथाच्या 25व्या अध्यायाचा संदर्भ तिने आधी दुसऱ्या कोणाच्या प्रबंधावरून दिला होता. तो वैद्यांच्याच संग्रहातल्या प्रतीवरून ताडून घेतला आणि आवृत्ती लिहिली, कारण श्लोकांचे क्रमांक आवृत्तीगणिक सरकतात.

गाईड सर नाराज झाले. तीन आठवडे गेले होते. सिनॉप्सिस पुन्हा एकदा परत आला, रुग्णसंख्येच्या गणितासाठी, त्यात आमचा काही संबंध नव्हता. तिसऱ्यांदा पास झाला.

आमच्याकडे मात्र काम वाढलं. त्या संग्रहातल्या प्रत्येक प्रबंधाची नोंद आता वैद्यांच्या वहीशी ताडून पाहतो. मूळ शीर्षक देवनागरीत, आणि रोमनमधली प्रचलित रूपं पर्यायी शीर्षकाच्या 246 क्रमांकाच्या रकान्यात. विषयशब्दासाठी आयुष मंत्रालयाच्या 'नमस्ते' पोर्टलवरची रोगनावं प्रमाण धरली आहेत, म्हणजे आमच्यात तरी वाद नको. वनस्पतीचं शास्त्रीय नाव प्रबंधात दिलं असेल तरच टाकायचं, आपल्या मनाने रास्ना ठरवायची नाही, असा नियम मामांच्या देखत केला. वही संकीर्णातून काढून संदर्भ विभागात, माझ्या टेबलामागे ठेवली आहे. रोज चार-पाच नोंदी होतात. काउंटरवर गर्दी असली की एकही नाही. या आठवड्यात 'क' संपला.

परवा ती पुस्तक परत करायला आली होती. हिरव्या प्रबंधाच्या चिठ्ठीवर आता तीन तारखा आहेत. पहिल्या दोन तिच्या. तिसरी कोणाची ते मी रजिस्टरमध्ये पाहिलं : दक्षिणेकडच्या स्पेलिंगवाला तो शेजारचा मुलगा. तो वनस्पतिशास्त्राचा निघाला.